सोसायटीच्या मीटिंगमध्ये मत नक्की कोणाचं? प्रॉक्सी चालते का?

कळव्यात खारेगाव, मनीषा नगर, विटावा अशा भागातल्या बऱ्याच जुन्या इमारतींमध्ये सध्या एकच विषय चालू असतो: रिडेव्हलपमेंट. फ्लॅट बाबांच्या नावावर असतो आणि बाबा रिटायर होऊन गावी गेलेले असतात. मीटिंगची नोटीस आली की ते फोनवर सांगतात, "तू जा आणि माझ्या वतीनं मत दे." पण असं मत धरलं जात नाही.

दुसऱ्याच्या वतीनं मत देणाऱ्या माणसाला प्रॉक्सी म्हणतात. शेअर बाजारातल्या कंपन्यांमध्ये हे चालतं. कंपनी कायदा 2013 च्या कलम 105 नुसार शेअरधारक आपल्या जागी दुसऱ्याला पाठवू शकतो. तिथे जितके शेअर तितकी मतं. सहकारी सोसायटीत यातलं काहीच लागू नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा 1960, कलम 27: एका सभासदाला एकच मत, आणि तेही त्यानं स्वतः येऊन द्यायचं. वन आरके असो की थ्री बीएचके, मत सारखंच. एकाच नावावर दोन फ्लॅट असले तरी मत एक. समसमान मतं पडली तर अध्यक्षाला जादा निर्णायक मत असतं, तेवढाच काय तो अपवाद.

पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी केली तर? तरीही नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये स्पष्ट लिहिलंय की प्रॉक्सी, मुखत्यारपत्र किंवा अधिकारपत्र घेऊन आलेल्या माणसाला सभासदाच्या वतीनं सर्वसाधारण सभेला बसता येत नाही. भाडेकरू नाममात्र सभासद असू शकतो, पण त्याला मत नाही.

मग मार्ग काय? शेअर सर्टिफिकेट काढा आणि नावांचा क्रम बघा. आई-बाबा दोघांची नावं असतील तर पहिलं नाव ज्याचं, त्याचं मत. तो सभेला आला नसेल तर दुसऱ्या नावाला मत देता येतं. दोघंही हजर असले तर मत पहिल्याचंच. तुमचं नाव त्यावर नसेल तर सहयोगी सभासद होण्यासाठी बाबांकडून सोसायटीला अर्ज करून घ्या. 2019 च्या कायदा दुरुस्तीत नवरा, बायको, आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, सून, जावई, पुतणे-भाचे अशी नात्यांची यादीच दिली आहे. मूळ सभासदाची आधी घेतलेली लेखी संमती असेल तर तो नसताना सहयोगी सभासद मत देऊ शकतो. 'आधी' आणि 'लेखी' हे दोन शब्द महत्त्वाचे. मीटिंगच्या दारात बाबांना व्हिडिओ कॉल लावून हे काम होत नाही. (सोसायटी हा अर्ज उगाच लटकवून ठेवत असेल तर ठाण्यात उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.)

रिडेव्हलपमेंटमध्ये ही गोष्ट जास्त टोचते. साध्या सभेचा कोरम म्हणजे दोन तृतीयांश सभासद किंवा 20 जण, यातलं जे कमी असेल ते. पण 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासाच्या सभेला दोन तृतीयांश सभासद लागतातच आणि निर्णयाला 51 टक्के सभासदांची संमती लागते. म्हणजे 90 सभासदांच्या सोसायटीत साध्या सभेला 20 जण पुरतात, या सभेला 60 हवेत. बिल्डर निवडायच्या सभेला निबंधकांनी नेमलेला अधिकारी हजर असतो आणि सभेचं व्हिडिओ शूटिंगही होतं, त्यामुळे बाबांच्या खुर्चीत गुपचूप बसणं विसरा. तुमच्यासारखे तीस जण "बाबांच्या वतीनं" आले, तर हॉल भरलेला दिसेल, पण कोरम भरणार नाही.

व्हॉट्सअ‍ॅप पोलचं काय? कोण किती उत्सुक आहे हे कळायला तो ठीक आहे, पण तो ठराव नव्हे. ग्रुपवर 40 अंगठे दिसले म्हणून बिल्डर निवडला असं होत नाही. ठराव व्हायला रीतसर नोटीस, कोरम आणि सभा लागते. वार्षिक सभेची नोटीस पूर्ण 14 दिवस आधी आणि विशेष सभेची 5 दिवस आधी द्यावी लागते.

वरचं सगळं नोंदणी झालेल्या सहकारी सोसायटीबद्दल आहे. काही इमारतींमध्ये सोसायटीऐवजी 1970 च्या कायद्याखालचं 'अपार्टमेंट' असतं. तिथे मताचं वजन डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये लिहिलेल्या टक्केवारीवर ठरतं, म्हणून मोठ्या फ्लॅटचं वजन जास्त. तुमची इमारत यातली कुठली, हे मेंटेनन्सच्या पावतीवर सोसायटीचा नोंदणी क्रमांक छापलाय का, त्यावरून लगेच कळतं.