‘पुरे’ : तृप्तीचा आणि मर्यादेचा शब्द

पंगतीत वाढणाऱ्याचा हात थांबविणारा आणि लांबत चाललेल्या वादाला आवर घालणारा शब्द मराठीत एकच आहे : ‘पुरे’. पहिल्या ठिकाणी त्यातून तृप्ती व्यक्त होते, दुसऱ्या ठिकाणी वैताग.

हे अव्यय ‘पुरणे’ या क्रियापदाच्या कुळातले. त्याचे मूळ ‘पूर्’ म्हणजे भरणे या संस्कृत धातूत आहे. ‘पूर्ण’, नदीचा ‘पूर’ आणि पोळीतले ‘पुरण’ हे त्याचेच सगोत्र. गरजेचे माप भरले, की वस्तू ‘पुरते’.

म्हणूनच ‘पुरणे’ला कोणाला किंवा कशाला, हे सांगणाऱ्या चतुर्थीची अपेक्षा असते. पीठ चार माणसांना पुरते, पगार महिन्याला पुरत नाही. ‘भरपूर’ आणि ‘पुरेसा’ यांतला भेद येथेच आहे. ‘भरपूर’ केवळ विपुलता सांगतो. ‘पुरेसा’ विपुलतेची गरजेशी सांगड घालतो. भाताला अपुरा ठरणारा पाऊस बाजरीला पुरेसा असू शकतो. ‘धरणात पुरेसा साठा आहे’ हे विधान त्यामुळे अर्धेच राहते. पिण्याला पुरणारे पाणी उसाला पुरेलच असे नाही.

ही चतुर्थी गळाली, की ‘पुरे’ निषेधार्थी होतो : ‘पुरे तुझे बोलणे!’ संस्कृतातील ‘अलम्’चा स्वभावही असाच आहे. समर्थ किंवा पुरेसा या अर्थी त्याच्या योगे चतुर्थी होते, असे पाणिनीने सांगितले आहे. तृतीयेसह मात्र तोच शब्द ‘आता नको’ असे बजावतो.

याच कुळातील ‘पुरता’ हा शब्द आणखी गमतीचा. शब्दयोगी म्हणून तो मर्यादा घालतो : ‘पोटापुरते’, ‘नावापुरता’, ‘कामापुरता मामा’. विशेषण किंवा क्रियाविशेषण झाला, की तोच संपूर्णता दाखवितो : ‘पुरता फसला’, ‘पुरती वाट लागली’. ‘पुरवून वापरणे’ म्हणजे आहे तेवढ्यात भागविणे. ‘पुरून उरणे’ म्हणजे गरज भागवून शिल्लक राहणे, किंवा प्रतिस्पर्ध्याला भारी ठरणे. लाड ‘पुरवायचे’ असतात, पाण्याचा ‘पुरवठा’ करायचा असतो आणि वृत्तपत्राला ‘पुरवणी’ जोडायची असते.

फारसीतून आलेला ‘बस’ बोलण्यात ‘पुरे’ची जागा घेतो, पण त्याच्यामागे असा गोतावळा नाही. हिंदीच्या प्रभावाने ‘पर्याप्त’ हा संस्कृत शब्दही अलीकडे लेखनात वारंवार दिसतो. तो चुकीचा नाही. मात्र ‘पुरेसा’ हाताशी असताना त्याची गरज क्वचितच पडते. ‘अपुरा’ आणि ‘अपूर्ण’ यांचा विवेक अधिक महत्त्वाचा. मागणीपेक्षा कमी पडतो तो पुरवठा अपुरा. शेवटास न गेलेले बांधकाम अपूर्ण. पूर्ण बांधलेली शाळाही गावातल्या मुलांना अपुरी पडू शकते.