सेवेचे तास आणि विचार

१९५९ साली चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने विद्यार्थ्यांना राष्ट्रीय सेवा सक्तीची करावी, अशी शिफारस केली; पण खर्चापायी ती मागे पडली. पुढे गांधी-जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ऐच्छिक अशी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. विद्यार्थ्याने समाज जाणावा आणि त्या समाजाच्या संदर्भात स्वतःलाही ओळखावे, हा तिचा हेतू. त्यासाठी दोन वर्षांत २४० तासांची सेवा, खेड्यातील शिबिर आणि कामाची दैनंदिनी असा क्रम पडला.

अडचण येथेच उभी राहते. श्रमाचे तास मोजता येतात, विचार मोजता येत नाही. रस्ता बांधल्याची नोंद वहीत होते. तो कोणत्या वस्तीच्या अलीकडे थांबला, हा प्रश्न वहीत उतरतोच असे नाही. शिवाय वही तपासणाराच प्रमाणपत्राची शिफारस करणार असेल, तर शंकेपेक्षा गौरव लिहिणे विद्यार्थ्याला सोयीचे वाटते. शिबिराच्या अखेरीस गावकऱ्यांसमवेत बसून ‘हे असे का?’ असे निर्भयपणे विचारण्यास अवसर देणे, हेच या योजनेतील खरे आणि कठीण अध्यापन होय.