श्वानांचा खाऊ : पाकिटावरील ‘नैसर्गिक’ आणि स्वयंपाकघरातील नैसर्गिक

नवी दिल्ली : राजधानीतील बहुतेक उद्यानांच्या फाटकाबाहेर सकाळी एक ठरावीक दृश्य दिसते. फिरायला आलेली एखादी व्यक्ती ग्लुकोज बिस्किटांचा पुडा फोडते, त्या आवाजाने चार-पाच कुत्री गोळा होतात आणि दोन मिनिटांत पुडा रिकामा होतो. शनिवारी त्यात मोहरीचे तेल लावलेल्या पोळीची भर पडते. काळ्या कुत्र्याला अशी पोळी घातल्यास शनीची पीडा टळते, अशी उत्तर भारतात श्रद्धा आहे. गुरुग्राम आणि नोएडातील पाळीव प्राण्यांच्या दुकानांत चित्र वेगळे असते. तेथे वाळवलेल्या कोंबडीच्या पट्ट्या, हिमालयातील चीजच्या कांड्या आणि धान्यविरहित बिस्किटे मांडलेली असतात. त्यांतील अनेक पाकिटांवर ‘नैसर्गिक’ हा शब्द ठळकपणे छापलेला आढळतो.

या शब्दाला भारतात श्वानखाद्यापुरता कायदेशीर आधार फारसा नाही. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ मधील ‘अन्न’ या संज्ञेच्या व्याख्येतून पशुखाद्य स्पष्टपणे वगळण्यात आले आहे. माणसांच्या खाद्यपदार्थांवर ‘नैसर्गिक’ असा दावा कधी करता येईल, याच्या अटी जाहिरात आणि दाव्यांविषयीच्या २०१८ च्या विनियमांत आहेत. मात्र ते विनियम याच कायद्याखालचे असल्याने कुत्र्याच्या बिस्किटाला लागू होत नाहीत. भारतीय मानक ब्युरोने कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी आयएस ११९६८ हे मानक निश्चित केले आहे, पण ते पाळणे ऐच्छिक आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दाद मागता येते, परंतु तो नंतरचा मार्ग झाला.

त्यामुळे खरेदीच्या क्षणी पाकिटाची मागची बाजू वाचण्याला पर्याय राहत नाही. निर्मात्याचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना व वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हा तपशील वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार छापावा लागतो. सुट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळणाऱ्या मांसाच्या पट्ट्यांवर यातील काहीच नसेल, तर त्या स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नयेत. घटकांची यादीही जितकी आखूड आणि समजेल अशी, तितकी बरी. ‘मांस आणि प्राणिजन्य उपपदार्थ’ अशा मोघम नोंदीतून आत नेमके काय आहे, हे कळत नाही.

मोघम नोंदीची किंमत काय असू शकते, हे अमेरिकेतील एका प्रकरणातून दिसले. कोंबडीच्या मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या खाऊन कुत्री आजारी पडत असल्याच्या तक्रारी तेथील अन्न व औषध प्रशासनाकडे २००७ पासून येऊ लागल्या. यातील बहुतेक पट्ट्या चीनमधून आयात केलेल्या होत्या. २०१५ च्या अखेरीपर्यंत तक्रारींमधील कुत्र्यांची संख्या ६,२०० वर गेली आणि त्यांपैकी १,१४० हून अधिक दगावली. अनेक कुत्र्यांमध्ये मूत्रपिंडाचा एक दुर्मीळ विकार आढळला. वर्षानुवर्षे तपासण्या करूनही नेमके कारण निश्चित झाले नाही. वाळवलेले शुद्ध मांस यापेक्षा ‘नैसर्गिक’ दुसरे काय असणार, असे वाटून लोकांनी ते विकत घेतले होते. ‘धान्यविरहित’ या लोकप्रिय शब्दाबाबतही सावधगिरी हवी. वाटाणे आणि मसुरासारख्या कडधान्यांवर आधारलेल्या अशा खाद्याचा हृदयस्नायूंच्या एका विकाराशी संबंध आहे काय, याची चौकशी याच प्रशासनाने २०१८ मध्ये जाहीर केली. कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही. तरीही कुत्र्याला धान्य पचत नाही, ही समजूत मुळातच चुकीची आहे. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या प्रती कुत्र्यांमध्ये लांडग्यांपेक्षा कितीतरी अधिक असतात, असे ‘नेचर’ या नियतकालिकात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. दख्खनच्या पठारावरील कारवानी कुत्री मेंढपाळांच्या वाड्यावर भाकरी खाऊनच वाढली, याला त्यामुळे शास्त्रीय आधार मिळतो.

नैसर्गिक, तरीही विषारी

घरात धोकादायक ठरणाऱ्या पदार्थांपैकी बहुतेक पूर्णपणे नैसर्गिक असतात. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. एका वेळी शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा पोटात गेला, तरी विषबाधा होऊ शकते. दहा किलोच्या कुत्र्यासाठी हे प्रमाण ५० ग्रॅम, म्हणजे एका लहान कांद्याइतके भरते. शिजवल्याने किंवा वाळवून पूड केल्याने हा दोष जात नाही, त्यामुळे उरलेला बटर चिकनचा रस्सा भातावर घालून देणे हा लाड महागात पडू शकतो. लक्षणे काही दिवसांनी दिसतात. हिरड्या फिक्या पडतात, लघवी लालसर होते, आणि तोवर रस्सा कोणाला आठवतही नसतो.

द्राक्षे आणि मनुका-बेदाणे यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकते. द्राक्षातील टार्टारिक आम्ल हे त्याचे कारण असावे, असे अलीकडे मानले जाते. एखादा कुत्रा काही दाणे पचवतो, तर दुसरा तेवढ्यानेच अत्यवस्थ होतो. सुरक्षित प्रमाण ठरवता येत नसल्याने एकही दाणा न देणे हाच नियम पाळला जातो. होळीला उत्तर भारतात घरोघरी होणाऱ्या गुजियांच्या सारणात बेदाणे असतात, आणि करंजीच्या किंवा मोदकाच्या सारणातही ते पडतात. सणाच्या ताटातील तुकडा म्हणूनच टाळलेला बरा. चॉकलेटमधील थिओब्रोमीन कुत्र्याच्या शरीरातून अतिशय संथपणे बाहेर पडते. दुधाच्या चॉकलेटपेक्षा गडद चॉकलेट आणि कोको पावडर कितीतरी अधिक घातक असतात.

सर्वांत कमी माहिती असलेला धोका झायलिटॉलचा आहे. वनस्पतींपासून मिळणारा हा गोडवा साखरविरहित च्युइंगमध्ये, काही टूथपेस्टमध्ये आणि क्वचित पीनट बटरमध्येही असतो. माणसाला तो निरुपद्रवी आहे. कुत्र्याच्या शरीरात मात्र त्याने इन्सुलिन झपाट्याने स्रवते, रक्तातील साखर अर्ध्या-एक तासात धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते आणि पुढे यकृतही निकामी होऊ शकते. औषधाची गोळी पीनट बटरमध्ये लपवून देण्याची पद्धत शहरी घरांत रुळली आहे. त्या बरणीवरील घटक एकदा तरी वाचलेले असावेत. पावसाळ्यात ओल लागलेले शेंगदाणे आणि बुरशी आलेला पाव कुत्र्यासाठी बाजूला ठेवण्याची सवयही मोडायला हवी. बुरशीतील अफ्लाटॉक्सिन थेट यकृतावर आघात करते.

पदार्थ विषारी नसला, तरी त्याचा आकार घात करू शकतो. शिजवलेले हाड चावताना त्याच्या टोकदार चिरफळ्या होतात आणि त्या अन्ननलिकेत किंवा आतड्यात रुततात. तंदुरी कोंबडीची हाडे म्हणूनच सर्वांत वाईट. पावसाळ्यात दिल्लीच्या रस्त्यांवर जागोजागी भाजलेली मक्याची कणसे मिळतात. दाणे काढून टाकून दिलेले बुरकुंड आणि उन्हाळ्यात चोखून टाकलेली आंब्याची कोय कुत्र्याने गिळली, तर आतडे तुंबून शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

बाजारात ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंत छुर्पीचे स्थान निराळे आहे. याक, चौरी किंवा गाईच्या दुधाचा चोथा दाबून, आठवडे-आठवडे वाळवून केलेले हे दगडासारखे चीज नेपाळ, सिक्कीम आणि दार्जिलिंगच्या डोंगराळ भागांतील माणसे तासन्‌तास चघळतात. तेच आता कुत्र्यांसाठी नेपाळमधून अमेरिकेला मोठ्या प्रमाणात निर्यात होते आणि दिल्लीच्या दुकानांतही मिळते. प्रथिने भरपूर, दुग्धशर्करा अगदी कमी आणि घटक मोजके, या तिच्या जमेच्या बाजू आहेत. उणी बाजू तिच्या कठीणपणाची. पशुदंतवैद्यांचा साधा नियम असा की, अंगठ्याच्या नखाने दाबल्यावर जी वस्तू किंचितही दबत नाही, ती कुत्र्याच्या दाढेला जड आहे. कांडी झिजून लहान तुकडा उरला की तो काढून घ्यावा, नाहीतर तो घशात अडकू शकतो. तो फेकण्याची गरज नसते. थोडे भिजवून मायक्रोवेव्हमध्ये गरम केल्यास तो फुलून कुरकुरीत होतो आणि थंड झाल्यावर सहज चावता येतो.

घरातील पर्याय

भारतीय स्वयंपाकघरात कुत्र्यासाठी चांगला खाऊ बहुधा आधीच उपलब्ध असतो. दिल्लीच्या थंडीतील लाल गाजर, काकडी, उकडलेला लाल भोपळा, फरसबी, बिया काढलेले सफरचंद आणि बिया व साल काढलेले कलिंगड हे सर्व चालते. हिवाळ्यात राजधानीच्या रस्त्यांवर निखाऱ्यांवर भाजलेली रताळी मिळतात. त्यांवर मसाला आणि लिंबू पडण्यापूर्वीचा तुकडा बाजूला काढून घेतला, तर त्याइतका उत्तम खाऊ नाही. मीठ-तुपाशिवाय भाजलेले मखाणेही हलके असतात. शाकाहारी घरांत उकडलेले अंडे चालत नसेल, तर पनीरचा तुकडा किंवा साधे दही देता येते. प्रौढ कुत्र्यांना दुधातील शर्करा नीट पचत नाही आणि त्यामुळे जुलाब होतात. दह्यात ती कमी असते. पारा ४५ अंशांकडे झुकतो तेव्हा बर्फाच्या साच्यात गोठवलेले दही किंवा कलिंगडाचा गर कुत्र्यासाठी खाऊ आणि गारवा असे दोन्ही होते.

मांसाहारी घरांत कोंबडीचे हाडविरहित मांस मीठ-मसाल्याशिवाय उकडून, बोटाच्या पेराएवढे तुकडे करून ठेवले की दोन-तीन दिवस पुरते. कच्चे मांस आणि प्राण्यांचे नुसते वाळवलेले अवयव यांबाबत मात्र काळजी घ्यावी. २०१९ मध्ये अमेरिकेत कुत्र्यांसाठी विकल्या जाणाऱ्या डुकराच्या कानांतून साल्मोनेला जिवाणूंचा प्रसार झाला आणि १५४ माणसांना संसर्ग झाल्याची नोंद झाली. खाऊ कुत्र्याचा असला, तरी तो भरवणारा हात माणसाचा असतो.

योग्य पदार्थ निवडल्यावरही प्रमाणाचा प्रश्न उरतोच, आणि बहुतेक घरे चुकतात ती इथेच. दिवसभराच्या एकूण कॅलरींपैकी दहा टक्क्यांहून अधिक वाटा खाऊचा नसावा, हा पशुवैद्यकातील सर्वमान्य संकेत आहे. पाच किलोच्या स्पिट्झ कुत्र्याला दिवसाला साधारण पावणेचारशे कॅलरी लागतात, म्हणजे खाऊसाठी सदतीस-अडतीस उरतात. एका ग्लुकोज बिस्किटात साधारण वीस ते पंचवीस कॅलरी असतात. दीड बिस्किटात दिवसाचा कोटा संपला. दहा किलोच्या कुत्र्याची मर्यादा साठच्या आसपास असते आणि एका उकडलेल्या अंड्यातच सत्तर कॅलरी असतात. २० किलोच्या देशी कुत्र्याला एक मध्यम पोळी चालते, पण कोरडी. संत नामदेव पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही आख्यायिका मराठी मनाला प्रिय असली, तरी एकदम खूप तूप-लोणी खाल्ल्याने कुत्र्याच्या स्वादुपिंडाला जीवघेणी सूज येऊ शकते.

प्रमाणाचा आग्रह दिसण्यापुरता नाही. ४८ लॅब्रेडॉर कुत्र्यांवर आयुष्यभर चाललेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न मिळालेल्या कुत्र्यांचे मध्यमान आयुष्य १३ वर्षे, तर पोटभर खाणाऱ्यांचे ११.२ वर्षे भरले. सांधेदुखीही कमी खाणाऱ्यांना उशिरा सुरू झाली. बंद सदनिकेत राहणाऱ्या आणि हिवाळ्यात विषारी हवेमुळे फिरणे कमी झालेल्या दिल्लीतील कुत्र्याच्या बाबतीत हा हिशेब अधिकच काटेकोर ठेवावा लागतो. खाऊ कमी करणे जड जात असेल, तर एकाच तुकड्याचे चार करावेत. खाऊ किती वेळा मिळाला, याचे कुत्र्याला अप्रूप अधिक असते.

चुकून विषारी पदार्थ पोटात गेलाच, तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याचा घरगुती उपाय करू नये. त्याने मिठाचीच विषबाधा होऊ शकते. काय खाल्ले, किती आणि केव्हा, हे लिहून घेऊन वेष्टनासह तातडीने पशुवैद्यकाकडे जावे. द्राक्षे, चॉकलेट किंवा झायलिटॉलच्या बाबतीत लक्षणे दिसण्याची वाट पाहणे म्हणजे उपचाराचे मोलाचे तास गमावणे होय.

रस्त्यावरील कुत्र्यांसाठी

दिल्ली परिसरातील भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या आदेशानंतर बिस्किटाच्या पुड्यालाही कायद्याची चौकट आली आहे. रस्त्यावर कुठेही खाऊ घालण्यास या आदेशाने मनाई केली आणि प्रत्येक प्रभागात त्यासाठी जागा निश्चित करण्यास पालिकांना सांगितले. त्याआधी ११ ऑगस्टला दोन न्यायमूर्तींच्या पीठाने परिसरातील सर्व भटकी कुत्री निवाऱ्यांत हलवण्यास सांगितले होते. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते बदलून, रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री वगळता इतरांना नसबंदी आणि लसीकरणानंतर मूळ जागी सोडण्याची मुभा दिली. मुलांची खेळण्याची ठिकाणे, जिने आणि इमारतींची प्रवेशद्वारे यांपासून दूर खाऊची जागा असावी, असे प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ आधीच सांगतात.

नेमून दिलेल्या जागेवर ठरलेल्या वेळी खाऊ घालण्याचा एक फायदा असा की, तेथे पुड्याऐवजी डबा नेता येतो. भात, उकडलेला भोपळा आणि कुस्करलेली अंडी किंवा हाडे काढलेली कोंबडी, हे सर्व मीठ आणि कांदा-लसणाशिवाय एकत्र केले की मैदा-साखरेच्या बिस्किटांपेक्षा कितीतरी सरस जेवण होते आणि खर्चही फार वाढत नाही. अन्न जमिनीवर न टाकता कागदावर किंवा थाळीत वाढावे आणि उरलेले अर्ध्या तासात उचलावे, कारण उन्हाळ्यात ते लगेच आंबते आणि शेजाऱ्यांच्या तक्रारीही बहुधा तेथूनच सुरू होतात. शेजारी पाण्याचे मातीचे भांडे ठेवावे आणि रोज घासून भरावे. ओळखीच्या कुत्र्याने सलग दोन दिवस अन्नाकडे पाठ फिरवली किंवा त्याला पाणी गिळता येईनासे झाले, तर त्याच्या जवळ न जाता पालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला कळवावे.