पंधरा पिनांचा प्लग : जॉयस्टिक, शाळकरी रोबो आणि १९८१ सालचे एक सॉकेट

थ्रेड.

२००५ च्या सुमारास अमेरिकेतील एखाद्या शाळेचा रोबॉटिक्स संघ जॉयस्टिक विकत घ्यायला बाहेर पडला, की त्याच्यापुढे एक चमत्कारिक अडचण उभी राहत असे. दुकानात जॉयस्टिक्स भरपूर होत्या, पण जवळजवळ साऱ्या यूएसबीच्या. स्पर्धेचा रोबो मात्र पंधरा पिनांचा जुना प्लगच ओळखत असे, आणि तो प्लग आयबीएमच्या पहिल्या पर्सनल कॉम्प्युटरबरोबर १९८१ साली आलेला होता. संघातील मुलांचा जन्म १९८८-९० चा. म्हणजे स्वतःपेक्षा वयाने वडील असलेल्या एका सॉकेटची मर्जी त्यांना सांभाळावी लागत होती.

जॉयस्टिकचा इतिहास सांगताना सहसा विमानापासून सुरुवात होते आणि व्हिडिओ गेमपाशी गोष्ट संपते. कोणी शोधली, कोणी विकली, एवढेच त्यात येते. दुसऱ्याच कामासाठी घडवलेला दांडा शोधून, उघडून, आपल्या यंत्राला जोडणाऱ्या माणसांची नोंद त्यात क्वचितच सापडते. वास्तविक या वस्तूचे आयुष्य पुष्कळसे त्यांच्याच हातांत गेले आहे.

आधी स्पर्धेविषयी थोडे. डीन केमेन या संशोधकाने १९८९ साली ‘फर्स्ट’ ही संस्था स्थापन केली. एमआयटीतील प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स आपल्या यंत्ररचनेच्या वर्गात विद्यार्थ्यांच्या हाती सुट्या भागांची पेटी देत, त्यातून यंत्र घडवायला लावत आणि अखेरीस त्या यंत्रांचा सामना लावत. ही कल्पना शाळकरी मुलांपर्यंत नेण्यात त्यांचा वाटा मोठा. पहिली स्पर्धा १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील मँचेस्टर येथे एका शाळेच्या व्यायामशाळेत झाली. संघ होते २८. पुढे संघांना दरवर्षी नवा खेळ, भागांची पेटी आणि बांधणीसाठी सहा आठवडे मिळू लागले. (मराठीत रूढ झालेला ‘यंत्रमानव’ हा शब्द इथे फसवा आहे. चाकांवर धावणाऱ्या या लोखंडी-अॅल्युमिनियमच्या पेटाऱ्यांत मानवासारखे काहीच नसते.) सामना दोन-सव्वादोन मिनिटांचा. २००३ पासून पहिले १५ सेकंद रोबोने लिहून ठेवलेल्या आज्ञावलीनुसार आपला आपण चालावे, असा नियम आला. उरलेला सारा वेळ तो मैदानाबाहेर उभ्या असलेल्या मुलांच्या हातांत, म्हणजेच जॉयस्टिकच्या ताब्यात.

आता मागे जाऊ. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या विमानांत वैमानिकाच्या दोन गुडघ्यांमधला दांडा तारांनी थेट पंख-शेपटीच्या पट्ट्यांना जोडलेला असे. हाताचा जोर तारेतून तसाच पुढे जाई. हात आणि यंत्र यांची ही गाठ सुटली ती विजेमुळे. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतील सी. बी. मिरिक यांच्या दोन अक्षांच्या विद्युत् जॉयस्टिकला १९२६ मध्ये पेटंट मिळाले. आता दांडा एकीकडे आणि यंत्र दुसरीकडे, अशी सोय झाली. तिचा सर्वांत भीषण उपयोग ९ सप्टेंबर १९४३ रोजी दिसला. मित्रराष्ट्रांशी झालेल्या शस्त्रसंधीनंतर जर्मनांच्या हाती न पडता निघून जाऊ पाहणाऱ्या ‘रोमा’ या इटालियन युद्धनौकेवर जर्मन विमानांनी ‘फ्रिट्झ एक्स’ हे बॉम्ब टाकले आणि ते पडत असताना विमानातील माणसाने एका लहानशा जॉयस्टिकने, रेडिओ संदेशांद्वारे, त्यांची दिशा वळवली. रोमा बुडाली. बाराशेहून अधिक माणसे गेली.

लष्करी प्रयोगशाळांतून हा दांडा सामान्य माणसाच्या टेबलावर कसा आला, याची एक वाट एमआयटीतूनच जाते. १९६२ मध्ये स्टीव्ह रसेल व त्यांच्या मित्रांनी पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ रचला. दोन खेळाडू, दोन अंतराळयाने. याने चालवायची ती संगणकाच्या दर्शनी फळीवरील खटक्यांनी. त्या खटक्यांशी झटून कोपरे दुखत. शिवाय पडदा एका बाजूला असल्याने दोघांपैकी एकाला तो अधिक चांगला दिसे. अॅलन कोटोक आणि बॉब सॉन्डर्स यांनी यावर उपाय काढला. एमआयटीच्या विद्यार्थ्यांचा आगगाड्यांच्या प्रतिकृती बनवणारा एक क्लब होता. तिथल्या अडगळीतून लाकूड, वायर, बेकेलाइट आणि खटके गोळा करून त्यांनी हातात धरता येतील अशा दोन पेट्या बनवल्या. वळायला एक खटका, वेगाला एक, मारा करायला एक बटण. संगणकीय खेळांसाठी हातात धरायच्या साधनांच्या इतिहासात या पेट्यांना मानाचे स्थान दिले जाते. पण त्यांचा जन्म खेळण्यांच्या रूळगाडीच्या भंगारातून झाला, ही गोष्ट इतिहासप्रेमींनी अधिक लक्षात ठेवावी.

यानंतर येते १९८१ आणि आयबीएमचे ‘गेम कंट्रोल अॅडॅप्टर’ नावाचे कार्ड. त्याची रचना समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही, म्हणून इथे जरा थांबू.

जॉयस्टिकच्या आत प्रत्येक अक्षासाठी एक पोटेन्शिओमीटर असतो. रेडिओचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणामागे असतो तोच. दांडा हलला की त्याचा विद्युत्-रोध शून्यापासून सुमारे १०० किलोओहमपर्यंत बदलतो. हा बदल मोजायला खरे तर व्होल्टेजचे आकड्यांत रूपांतर करणारी चिप हवी. १९८१ मध्ये ती महाग होती. आयबीएमच्या अभियंत्यांनी स्वस्तातली युक्ती योजली. त्या रोधातून एक कपॅसिटर भारित व्हायला जितका वेळ लागतो, तितका वेळ टायमर चिपचे टोक चालू अवस्थेत राही. संगणक आपल्या कामातून थांबून तो वेळ मोजत बसे. रोध जास्त, तर वेळ जास्त. म्हणजे दांडा कुठे आहे हे संगणकाला घड्याळावरून कळे. संगणक वेगवान झाले तसे मोजणीचे आकडेही बदलत गेले, आणि म्हणूनच त्या काळातले खेळ सुरू होताना ‘दांडा चारही कोपऱ्यांत फिरवा’ अशी विनंती करत. एका सॉकेटात दोन जॉयस्टिक्सची सोय होती : चार अक्ष, चार बटणे. १९८९ साली आलेल्या साउंड ब्लास्टर या ध्वनिकार्डावरही हेच सॉकेट दिलेले होते. अशा कार्डांबरोबर ते घरोघरी पोहोचले.

फर्स्टच्या स्पर्धेत नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून २००८ पर्यंत टेक्सासमधील ‘इनोव्हेशन फर्स्ट’ या कंपनीची नियंत्रणप्रणाली वापरली जाई. मुलांपुढे जी पेटी ठेवलेली असे, तिला पंधरा पिनांची चार सॉकेटे होती. प्रत्येकातून चार अक्ष आणि चार खटके. एकूण सोळा अक्ष, सोळा खटके! दांड्याची जागा ० ते २५४ या आकड्यांत रोबोपर्यंत जाई. मधोमध १२७, म्हणजे ‘थांब’. निर्णय त्या काळी रास्तच होता. गेम पोर्टाची जॉयस्टिक स्वस्त होती, सर्वत्र मिळे आणि तिची विद्युत्-रचना शाळकरी मुलालाही तपासता येण्याइतकी सरळ होती. संघांना मिळणाऱ्या भागांच्या पेटीतही सीएच प्रॉडक्ट्सच्या ‘फ्लाइटस्टिक’ येत. हा विमानाच्या खेळासाठी बनलेला दांडा. पण दोन दांडे घेऊन डावा डाव्या चाकांना आणि उजवा उजव्या चाकांना जोडला, की रोबो रणगाड्यासारखा चाले. या पद्धतीला नावही ‘टँक ड्राइव्ह’ असेच पडले.

अडचण होती ती १२७ ची. दांडा सोडून दिल्यावर जुना, झिजलेला पोटेन्शिओमीटर १२७ वर येईलच याची शाश्वती नसे. तो १२३ वर थबके, नाहीतर १३२ वर, आणि कोणीही हात लावलेला नसताना रोबो संथपणे सरकू लागे. त्यासाठी आज्ञावलीत मध्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या काही आकड्यांना ‘थांब’च समजण्याची तजवीज करावी लागे. फ्लाइटस्टिकवर मध्य जुळवायची लहान चाकेही होती.

यूएसबी १९९६ मध्ये आले आणि पाच-सहा वर्षांत गेम पोर्ट बाजारातून ओसरू लागले. विंडोज व्हिस्टाने तर त्याला थाराच दिला नाही. स्पर्धेतील पेटी मात्र तीच राहिली. आता जॉयस्टिक शोधायची म्हणजे जुन्या वस्तूंच्या बाजारात, इंटरनेटवरील लिलावात, कोणाच्या तरी तळघरात. तिथेही फसगत ठरलेली. पंधरा पिनांचा प्लग दिसला म्हणजे काम झाले असे नव्हते. मॉनिटरच्या व्हीजीए प्लगलाही पिना पंधराच, पण त्या तीन रांगांत. गेम पोर्टाच्या दोन रांगांत. दोन रांगांचे हुबेहूब तसेच सॉकेट जुन्या इथरनेटलाही होते. आणि सर्वांत चकवा देणारी होती ती मायक्रोसॉफ्टची ‘साइडविंडर’ मालिका. प्लग अगदी योग्य, सॉकेटात अचूक बसणारा. पण तिच्यातील अनेक जॉयस्टिक्स रोधाऐवजी बटणांच्या तारांवरून अंकीय संदेश पाठवत. पेटी वाट पाहत असे रोधाची, आणि तिला मिळे न कळणारी कुजबुज.

दुकानातील तयार अॅडॅप्टरही उपयोगाचे नव्हते, कारण ते उलट्या दिशेचे होते. जुनी जॉयस्टिक नव्या संगणकाला जोडणारे मिळत; नवी जॉयस्टिक जुन्या सॉकेटाला जोडणारे कोण कशाला बनवील? त्यात यूएसबीचे एक तत्त्व आडवे येई. यूएसबी जॉयस्टिक आपणहून बोलत नाही, यजमान संगणकाने विचारले तरच उत्तर देते. म्हणून केवळ तारा इकडच्या तिकडे जोडून भागत नसे. मध्ये यजमानाचे सोंग घेणारा एक छोटा संगणकच बसवावा लागे. पुढे असे रूपांतर करणारी तयार पेटी मिळू लागली, पण तोवर अनेक संघांनी सोल्डरची वाट धरलेली होती.

ही वाट या साऱ्या प्रकरणातील सर्वांत रसाळ भाग आहे. गेमपॅडच्या अंगठ्याखालील दांड्यातला पोटेन्शिओमीटर बहुधा १० किलोओहमचा, तर सॉकेटाची अपेक्षा १०० ची. तो तसाच जोडला तर आकडा एका टोकाला चिकटून राही. तेव्हा पोटेन्शिओमीटर बदला किंवा जोडणी नव्याने करा. जॉयस्टिकच नको असेल, तर पंधरा पिनांचा सुटा प्लग आणा, हव्या त्या पिनांना खटके आणि फिरती बटणे जोडा आणि ते सारे लाकडी किंवा पत्र्याच्या पेटीत बसवा. रोबोचा हात उचलायचा असेल तर त्याच हाताची लहान प्रतिकृती बनवून तिच्या सांध्यांत पोटेन्शिओमीटर बसवण्याची युक्तीही काहींनी केली : प्रतिकृती वाकवली की मैदानावरचा हात तसाच वाकतो. कोटोक आणि सॉन्डर्स यांना हे पाहून आपल्या लाकडी पेट्या आठवल्या असत्या.

२००९ मध्ये नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सची नवी प्रणाली आली आणि यूएसबी रुजू झाले. एका हंगामात प्रश्न पालटला. आता कोणतीही नवी जॉयस्टिक चाले, पण वर्षानुवर्षे घडवलेल्या त्या पेट्या निकामी ठरल्या. तोडगा निघायला फार काळ लागला नाही. २०१२ साली आलेला आर्डुइनो लिओनार्डो हा बोर्ड संगणकापुढे स्वतःला जॉयस्टिक म्हणून सादर करू शकत असे. त्याला जुनी बटणे जोडली की पेटी पुन्हा बोलू लागे.

हाच उद्योग महाराष्ट्रातही चालला, फक्त वस्तू वेगळी होती. २०१४ ची आशियाई ‘एबीयू रोबोकॉन’ पुण्यात झाली. विषय होता पालकत्वाचा : ‘पालक’ रोबो माणसाने चालवायचा आणि ‘मूल’ रोबोने आपले आपण खेळायचे. रोबोकॉनसाठी खपणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना लॅमिंग्टन रोड किंवा बुधवार पेठेतल्या दुकानांत स्वस्तात मिळे तो प्लेस्टेशन २ चा नऊ पिनांचा गेमपॅड, बहुधा नकलीच. त्याची संदेशभाषा हौशी मंडळींनी उलगडून आर्डुइनोसाठी खुली करून ठेवली होती. त्यातही दांड्याची जागा ० ते २५५ मध्ये येते, मध्य १२८ च्या आसपास. गेमपॅड झिजला की हात न लावता रोबो सरकतो, तो इथेही.