ती मुलं आपला चेहरा कसा वाचतात?

आज चेहऱ्याबद्दल बोलू या.

आपण रानातून घरी येतो, उंबऱ्यातूनच सासूबाईंकडे एकदा बघतो आणि ओळखतो, आज काहीतरी बिनसलंय. हे आपल्याला कुणी शिकवलं? कुणीच नाही. मांडीवर असल्यापासून आईचा चेहरा बघत बघत आपण ते उचललं. मग डाऊन सिंड्रोम घेऊन जन्माला आलेलं मूल आपला चेहरा कसं वाचतं? साधा प्रश्न आहे. पण तो विचारायला शिकलेल्या लोकांना शंभर वर्षं लागली, कारण तोवर सगळे त्या मुलांचाच चेहरा वाचत बसले होते.

आधी नावाचं सांगते. बैठकांमध्ये मला बायका विचारतात, "डाऊन म्हणजे खाली, म्हणजे बुद्धी खाली, असंच ना?" तसं नाही. डाऊन हे एका इंग्रज डॉक्टरांचं आडनाव आहे, आपल्याकडे पाटील किंवा जोशी असतं तसं.

त्यांचं पूर्ण नाव जॉन लँगडन डाऊन. १८५८ साली, म्हणजे आपल्याकडे बंडाची धग अजून निवली नव्हती तेव्हा, ते इंग्लंडमधल्या अर्ल्सवुड इथल्या मोठ्या आश्रमाचे प्रमुख झाले. बुद्धीने मागे राहिलेल्या मुलांना आणि मोठ्यांना तिथे ठेवत. डाऊन माणूस चांगला होता. मारहाण, शिक्षा त्यांनी बंद करायला लावल्या, स्वच्छतेकडे लक्ष दिलं, मुलांना हाताची कामं शिकवली. पण या माणसांना वेगवेगळ्या गटांत कसं बसवायचं, असा प्रश्न त्यांना पडला आणि त्यांनी आधार घेतला तो चेहऱ्याचा. त्यांनी रहिवाशांचे फोटो काढले, डोळ्यांची ठेवण, नाक, गाल यांची बारकाईने नोंद केली. १८६६ साली लेख लिहिला की, यातली काही मुलं एकमेकांची भावंडं वाटावीत इतकी सारखी दिसतात, आणि ती मंगोल लोकांसारखी दिसतात. झालं! पुढची जवळजवळ शंभर वर्षं या मुलांना 'मंगोल' हेच नाव चिकटलं. तिकडच्या मंगोलिया देशातल्या माणसांचा यात काय दोष? शेवटी १९६१ साली काही शास्त्रज्ञांनी मिळून पत्र लिहिलं की हे नाव सोडा, आणि १९६५ साली खुद्द मंगोलियाच्या प्रतिनिधींनी जागतिक आरोग्य संघटनेकडे तशी मागणी केली. तेव्हा कुठे ते कागदावरून जाऊ लागलं.

डाऊन साहेबांनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे, आणि मला त्यांच्या सगळ्या लिखाणात तीच मोलाची वाटते. ही मुलं नकला करण्यात पटाईत असतात, असं ते म्हणतात. काही जण उशीचा अभ्रा अंगात चढवून पाद्री व्हायचे आणि प्रार्थनेला ऐकलेला त्यांचा आवाज, त्यांचे हातवारे हुबेहूब करून दाखवायचे. आता बघा, समोरच्याकडे नीट बघितल्याशिवाय कुणाला नक्कल जमते का? म्हणजे ती मुलं बघत होती, चेहरे-हावभाव टिपत होती. डॉक्टरांनी ते गंमत म्हणून नोंदवलं. मुलं आपल्याकडे बघून काय समजतात, हे विचारावं असं त्यांच्या मनात आलं नाही.

डाऊन १८९६ साली वारले. १९०५ साली त्यांच्या मुलाच्या घरी बाळ जन्मलं, त्याला हीच स्थिती होती. डॉक्टरांचं घर, मोठं घराणं, म्हणून काही ते टळलं नाही.

चेहऱ्यावरून आजार ठरवायचे दिवस संपवले ते पॅरिसमधल्या एका बाईने, म्हणून तिचं नाव आपण तरी लक्षात ठेवू. मार्त गोतिए, शेतकऱ्याघरची मुलगी, मुलांची डॉक्टर झाली. तिथल्या इस्पितळात तिने पेशी वाढवायची प्रयोगशाळा उभी केली. पैसा नव्हता. लागणारा रक्तातला द्रव तिने स्वतःच्या रक्तातून काढला, आणि प्रयोगासाठी एक कोंबडाही पाळला. तिला या मुलांच्या पेशींत एक गुणसूत्र जास्तीचं दिसलं. आपल्या प्रत्येक पेशीत आई-वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, म्हणजे एकूण ४६. या मुलांपैकी बहुतेकांच्या पेशींत एकविसावं गुणसूत्र दोनाऐवजी तीन असतं, म्हणून ४७. तिच्या सूक्ष्मदर्शकाला फोटो काढायची सोय नव्हती, म्हणून जेरोम लेजन नावाचे सहकारी काचपट्ट्या फोटोसाठी घेऊन गेले. १९५९ च्या जानेवारीत लेख छापून आला तेव्हा पहिलं नाव लेजन यांचं होतं. बाईंचं दुसरं, आणि तेही चुकीचं छापलेलं. पन्नास वर्षांनी, २००९ साली, वयाची ऐंशी ओलांडल्यावर त्यांनी आपली बाजू लिहून काढली. असो. ती कहाणी आपल्याला काही नवीन नाही.

या शोधाने एक मोठी गोष्ट झाली. आईच्या खाण्यापिण्यामुळे, ग्रहणात काही चिरल्यामुळे, कुणाच्या पापामुळे हे होत नाही, हे पक्कं कळलं. आणि चेहरा ही फक्त वरची खूण उरली.

मग मुलांच्या मनात काय चालतं हे बघायला लोक मोकळे झाले. १९७६ साली अमेरिकेत दान्ते चिकेटी आणि अॅलन स्रूफ यांनी डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळांच्या हसण्याचा अभ्यास छापला. त्यांनी बाळाला हसवायचं काम आयांनाच दिलं. चेहऱ्यावर फडकं टाकून बुवा-कूक करा, गुदगुल्या करा, बाळाची बाटली स्वतःच तोंडात धरा. आणि दिसलं असं की ही बाळं हसतात, ज्या क्रमाने इतर बाळं हसायला शिकतात त्याच क्रमाने हसतात, फक्त कित्येक महिने उशिरा. त्यांचे स्नायू सैल असतात, म्हणून हसू फिकं दिसतं, खळखळून येत नाही. आई वाट बघते आणि तिला वाटतं, बाळाला माझी ओळखच नाही. मग तीही बाळाशी बोलणं, खेळणं कमी करते. एकमेकांचा चेहरा वाचायची शाळाच तिथे बंद पडते. म्हणून म्हणते, हसू फिकं असलं तरी ते हसू आहे.

चेहऱ्यांचे फोटो दाखवून 'हा काय भाव आहे' असं विचारायची पद्धत त्याहून जुनी. चार्ल्स डार्विन यांनी १८७२ साली भावांच्या खुणांवर पुस्तक लिहिलं, तेव्हा असे फोटो त्यांनी वीसहून जास्त माणसांना दाखवून विचारलं होतं. पुढे १९६० च्या दशकाच्या शेवटी पॉल एकमन यांनी पापुआ न्यू गिनीच्या डोंगरात राहणाऱ्या, बाहेरच्या जगाशी फारसा संबंध न आलेल्या लोकांना छोटी गोष्ट सांगून फोटो निवडायला लावले. आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य आणि किळस हे सहा भाव तेव्हापासून अभ्यासात रुळले.

हीच रीत मग डाऊन सिंड्रोमच्या मुलांसाठी वापरली गेली. त्यातलं स्कॉटलंडमधल्या एडिंबरा विद्यापीठाचं काम मला महत्त्वाचं वाटतं. २००५ साली ते प्रसिद्ध झालं. यात मुलांना तोंडाने उत्तर द्यायचं नव्हतं, कारण बोलणं उशिरा येतं म्हणून समजही नाही, असं धरणं चूक आहे. त्यांनी फक्त सारख्या भावाचे फोटो जुळवायचे होते. तुलना केली ती समजेची पातळी सारखी असलेल्या लहान मुलांशी. हा माणूस तोच का, हे ओळखताना ही मुलं मागे नव्हती. भाव जुळवताना मात्र मागे पडली, आणि सगळ्यांत जास्त अडखळली ती भीतीच्या चेहऱ्यापाशी.

हे ऐकून माझ्या डोळ्यांसमोर आपली चूल आली, आपली विहीर आली. रांगतं मूल विस्तवाकडे जातं तेव्हा आई ओरडायच्या आधी तिचा चेहराच सांगतो, थांब. मूल आईकडे बघतं आणि थांबतं. १९९० च्या दशकातल्या एका अभ्यासात आईवडिलांनी मुद्दाम घाबरलेला चेहरा केला, तेव्हा डाऊन सिंड्रोमची लहान मुलं उलट हसरा प्रतिसाद देताना दिसली. अशा मुलाला आपण म्हणतो, "डोळे वटारले तरी हसतंय, मेलं ऐकतच नाही," आणि चापट मारतो. त्याने ऐकलं नाही असं नसतं. त्याला तो चेहरा कळलेला नसतो. म्हणून तिथे तोंडाने बोलायचं, हात धरून दाखवायचं: "आई घाबरली, हे गरम आहे, मागे हो." रोज, त्याच शब्दांत.

पण यावरून 'त्यांना दुसऱ्याच्या दुःखाचं काही नसतं' असा अर्थ काढू नका. कॉनी कसारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात आणखी एक गोष्ट करून पाहिली, ती २००३ साली छापली. मोठ्या माणसाने लागल्याचं सोंग केलं. डाऊन सिंड्रोमची मुलं इतर मुलांपेक्षा जास्त वेळ त्याच्याकडे बघत राहिली आणि जवळ जाऊन धीर देण्यात पुढे होती. गोष्टीतल्या माणसाला काय वाटलं असेल, असं विचारलं तेव्हा मात्र त्यांना सांगता येईना. समोर रडणारं माणूस त्यांना पोचतं. कागदावरचा चेहरा आणि तोंडी गोष्ट अवघड जाते. आणि सगळी मुलं एका मापाची नसतात, हेही आहेच.

आमच्या एका गटात एकदा कुणीतरी म्हणालं, "ती काय, सदा हसत असते, तिला कसलं सुखदुःख!" मुलगी तिथेच आईला टेकून बसली होती. आईची मान खाली गेली आणि मुलीने आपला हात आईच्या हनुवटीला लावला. 'सदा हसरी' हा शिक्काही जुन्या डॉक्टरांच्या वर्णनासारखाच आहे: त्यांचा चेहरा आपण वाचला, आत काय आहे ते विचारलं नाही. आणि मुलगी वयात आल्यावर तर हा प्रश्न आणखी मोठा होतो. वाईट नजरेचा माणूस गोड हसून जवळ आला, तर तिने ओळखायचं कसं? चेहऱ्यावर भरवसा ठेवून चालणार नाही. अंगाला कुणी कुठे हात लावायचा नाही, कुणाबरोबर जायचं नाही, 'नाही' कसं म्हणायचं, हे नियम म्हणून शिकवावं लागतं, आणि ते शिकता येतं.

शिकता येतं हे आपल्याकडेही फार आधी कुणीतरी ओळखलं होतं. १९४४ साली मुंबईत जय वकील आणि त्यांचे पती होरमसजी यांनी डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या दीनासाठी शाळा सुरू केली. शिवडीला ती आजही चालते. तेव्हा गुणसूत्राचा शोधही लागला नव्हता.

आपल्या खेड्यात तशी शाळा नाही. पण एक गोष्ट आहे. डाऊन सिंड्रोमच्या बऱ्याच मुलांची नजर कमी असते आणि कानात पाणी साठून ऐकूही कमी येतं. चेहरा अंधुक दिसला, आवाजातला राग ऐकूच आला नाही, तर भाव कळणार कसा? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत डाऊन सिंड्रोम आहे, आणि त्यांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत यावं असा नियम आहे. तारीख अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना विचारून ठेवा. त्या दिवशी पाहुणे आहेत, लोक काय म्हणतील, म्हणून मुलाला घरात ठेवू नका. डोळे आणि कान दोन्ही तपासा, असं डॉक्टरांना तोंडाने सांगा, आणि जिल्ह्याच्या केंद्रात पाठवायची चिठ्ठी मागून घ्या.