सर्पगंधेचे मूळ आणि भीतीची दोन रूपे : एक धागा

१/ सेरोटोनिन आज 'आनंदाचे रसायन' म्हणून मिरवते. त्याचा इतिहास मात्र आनंदाइतकाच भीतीचाही आहे. त्या इतिहासाच्या वाटेवर एक भारतीय वनस्पती आहे आणि मुंबईचा एक डॉक्टरही आहे.

२/ उन्माद आणि निद्रानाशावर सर्पगंधेचे मूळ देण्याची प्रथा भारतात जुनी. या मुळाने रक्तदाब उतरतो आणि क्षुब्ध रुग्ण शांत होतात, हे १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी प्रसिद्ध केले. भारताबाहेर त्याची फारशी दखल घेतली गेली नाही.

३/ ती घेतली गेली डॉ. रुस्तम जाल वकील यांच्यामुळे. मुंबईच्या या हृदयरोगतज्ज्ञाने परंपरेच्या दाखल्यावर न थांबता ५० रुग्णांचा रक्तदाब मोजला आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निष्कर्ष मांडले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या संशोधकांनी त्या मुळातून रेसरपिन वेगळे केले. अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिले. १९५७ च्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत वकील आणि क्लाइन हे दोघेही होते.

४/ पण रेसरपिन मेंदूत नेमके करते काय? सेरोटोनिन १९४८ मध्ये रक्तातून वेगळे केले गेले होते आणि १९५३ मध्ये बेट्टी ट्वारोग व अर्विन पेज यांनी ते मेंदूतही दाखवले होते. १९५५ मध्ये ब्रॉडी, प्लेचर आणि शोर यांना आढळले की रेसरपिन दिलेल्या सशांच्या मेंदूतील सेरोटोनिनचा साठा जवळजवळ रिता होतो. मनाच्या अवस्थेला रासायनिक पाया असल्याचा हा मोठा पुरावा ठरला.

५/ निष्कर्ष मात्र घाईचा होता. रेसरपिन डोपामिनही रिते करते, हे स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी दाखवले. निपचित पडलेले ससे डोपामिनच्या पूर्वद्रव्याने उठले. सेरोटोनिनच्या पूर्वद्रव्याने नव्हे. म्हणजे त्या शांततेचे श्रेय एकट्या सेरोटोनिनला देता येईना.

६/ पुढे उंदरांवरील प्रयोगांनी कोडे आणखी वाढवले. सेरोटोनिनची निर्मिती रोखली की शिक्षेच्या भयाने थबकणारे उंदीर धीट होत. म्हणजे सेरोटोनिन चिंता वाढवते. उलट, मध्यमेंदूच्या करड्या गाभ्याला विद्युत् उत्तेजन दिले की उंदीर सैरावैरा पळत आणि तेथे सेरोटोनिनचा प्रभाव वाढवला की ही पळापळ शमे. एकच रसायन भय वाढवते आणि शमवतेही?

७/ १९९१ मध्ये ब्रिटनचे बिल डीकिन आणि ब्राझीलचे फ्रेडेरिको ग्रेफ यांनी उत्तर सुचवले : दोन्ही खरे, कारण भीती एक नाही. मेंदूच्या खोडातील राफे केंद्रकांतून निघणारे सेरोटोनिनचे तंतू अमिग्डालाकडे जातात, तेथे सावधपणा वाढतो. तेच मध्यमेंदूच्या करड्या गाभ्याकडेही जातात, तेथे अंध पलायन आवरले जाते.

८/ उदाहरण आमच्या सोलापूरजवळच्या नान्नजचे घेऊ. माळावर चरणाऱ्या काळविटाला वाऱ्यावर लांडग्याचा वास येतो. तो मान उंचावतो, थबकतो. ही चिंता. लांडगा समोर झेपावतो, काळवीट उधळतो. हे पॅनिक. लांडगा दूर असताना उधळणारे जनावर नाहक दमते, म्हणून पहिली अवस्था दुसरीला आवर घालते, असे हा सिद्धान्त मानतो.

९/ याचा माणसाशी संबंध आहे. सेरोटोनिन वाढवणाऱ्या औषधांनी काही रुग्णांची बेचैनी आरंभी वाढते, पण आठवड्यांनी पॅनिकचे झटके कमी होतात. हा विरोधाभास समजून घ्यायला या सिद्धान्ताचा आधार मिळतो. रसायन 'कमी' की 'जास्त' एवढाच प्रश्न नसतो. ते मेंदूत कोठे काम करते, हेही पाहावे लागते.

१०/ 'पूर्वजांना सारे ठाऊक होते' आणि 'सारे पश्चिमेने शोधले' ही दोन्ही विधाने या इतिहासापुढे टिकत नाहीत. मुळाचा गुण परंपरेने जपला, पण रसायन आणि त्याचे कार्य कळायला रुग्णांचे मोजमाप, सशांचे मेंदू आणि कित्येक चुकलेले तर्क खर्ची पडले. वकिलांचे मोठेपण हेच की त्यांनी परंपरेला ना नाकारले, ना प्रमाण मानले; तपासून पाहिले.