माया योद्धे, २८ मिलिमीटर

लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर ज्याने मावळे मांडलेत त्याला ही खोड समजावून सांगावी लागत नाही. बाकीच्यांसाठी: २८ मिलिमीटर उंचीचे धातूचे सैनिक विकत घ्यायचे, रंगवायचे आणि टेबलावर फासे टाकत लढाया खेळायच्या. ऑफिसात मी हे सांगत नाही. (एकदा सांगितलं होतं. पुढचे दोन महिने "काय रे, बाहुल्या काय म्हणतायत?")

तर यावेळी रोमन सोडून माया घेतले. चोवीस जणांचं पाकीट. एकवीस लढणारे, तीन गुडघे टेकलेले कैदी. पहिल्याच शनिवारी माती खाल्ली. प्रायमर वाळल्यावर सवयीने सगळ्या भाल्यांची पाती चंदेरी करून टाकली. रात्री दीडला वाचताना कळलं की अभिजात काळातल्या, म्हणजे साधारण इ.स. २५० ते ९०० मधल्या मायांकडे धातूची हत्यारं नव्हतीच! चकमकीच्या दगडाची पाती, नाहीतर ऑब्सिडियनची. ऑब्सिडियन म्हणजे ज्वालामुखीतून आलेली काळी काच, वस्तऱ्याहून धारदार. रविवार एकवीस पाती पुन्हा रंगवण्यात गेला.

मग म्हटलं, आता अंदाजपंचे नको, मूळ चित्रच बघू. आणि इथे बोनाम्पाक भेटलं.

मेक्सिकोच्या चियापास राज्यातल्या जंगलात ही छोटीशी जागा आहे. लाकान्दोन माया लोकांना ती माहीत होतीच. १९४६ मध्ये त्यांनी जाइल्स हीली नावाच्या छायाचित्रकाराला तिथे नेलं, आणि पुस्तकांमध्ये त्याचं नाव 'शोधक' म्हणून लागलं. असो. तीन खोल्यांची एक इमारत, आणि आत जमिनीपासून छतापर्यंत इ.स. ७९१ च्या सुमाराची चित्रं. पहिल्या खोलीत वादक आणि पांढऱ्या झग्यातले सरदार, तिसऱ्यात नाच आणि स्वतःचं रक्त देवाला वाहण्याचा विधी. मधल्या खोलीत तुंबळ लढाई. चित्रांवर चुन्याचा पापुद्रा चढला होता. तो पारदर्शक व्हावा म्हणून नकला करणाऱ्यांनी भिंतींना चक्क रॉकेल लावलं! आज वाचून अंगावर काटा येतो, पण त्या नकलांवर पुढच्या अभ्यासकांची एक पिढी जगली.

तोवर मोठमोठ्या विद्वानांचं मत असं होतं की माया म्हणजे तारे बघणारे, पंचांग मांडणारे शांत पुरोहित. एरिक थॉम्पसन हा त्यातला सर्वांत वजनदार माणूस. बोनाम्पाकच्या भिंतीवर भाले, ढाली, केस धरून ओढले जाणारे लोक दिसत असताना त्याने त्याला युद्ध न मानता छापा म्हटलं. १९६० मध्ये तातियाना प्रोस्कुरिआकॉफने पिएद्रास नेग्रासच्या शिलालेखांवर निबंध लिहिला आणि दाखवलं की त्यात देवांच्या नाही, तर राजांच्या तारखा आहेत: जन्म, राज्यारोहण. हळूहळू लढायाही वाचता येऊ लागल्या. आपल्याकडेही कोडमध्ये बग समोर दिसत असतो आणि सीनियर म्हणतो, "ते फीचर आहे." तसंच काहीसं.

रंगांचं सांगायचं तर मायांचा निळा हा वेगळाच प्रकार. नीळ आणि पॅलिगोर्स्काइट नावाची पांढरी माती एकत्र तापवून तो करत. त्यांची नीळ आपल्या नीळीच्या झाडाच्याच भावकीतल्या झाडाची. मातीच्या कणात नीळ अडकून बसते, त्यामुळे ऊन, दमट हवा, अगदी आम्लसुद्धा तिचं फारसं वाकडं करत नाही. माझा बाटलीतला टर्क्वाइज बाराशे वर्षं टिकेल याची खात्री नाही. पण ढालींना आणि पिसांना शोभला.

एकवीस झाले. कैदी राहिले, आणि तिथे हात अडला.

कारण मायांच्या लढाईत बडा शत्रू जिवंत पकडणं हीच खरी कमाई. बोनाम्पाकपासून जवळच असलेल्या याश्चिलानचा राजा चौथा पक्षी-जग्वार स्वतःला 'वीस कैद्यांचा' म्हणवून घेई. तिथल्या एका दगडी चौकटीवर इ.स. ७५५ ची पकड कोरली आहे, आणि कैद्याचं नाव त्याच्या मांडीवर लिहिलंय. नाव हवंच, कारण अनामिक माणूस पकडण्यात मोठेपणा कुठला? बोनाम्पाकच्या मधल्या खोलीत पायऱ्यांवर काही कैदी बसलेत, बोटांतून रक्त ठिबकतंय. एक जण आडवा पडलाय, बहुधा मेलेला. दागिने काढून घेतलेले. अख्ख्या खोलीतलं सर्वांत जीव ओतून काढलेलं शरीर हेच, राजाचं नाही. विजयाचं चित्र काढणाऱ्याने असं का केलं असेल, हे मला कळत नाही आणि डोक्यातून जातही नाही.

मित्र शनिवारी खेळायला आला. कैद्यांकडे बघून म्हणाला, "यांना पॉइंट किती?" नियमपुस्तकात बघितलं. शून्य. मारलेल्यांचे गुण मिळतात, पकडलेल्यांचे नाही. मी म्हटलं, आज उलटं खेळू. नेहमीच्या अडीच तासांऐवजी साडेचार लागले, कारण मारायचं नाही म्हटल्यावर दोघांनाही काही सुचेना.

तो गेल्यावर तीन शून्यांचा ब्रश घेऊन एका कैद्याच्या मांडीवर नावाचं चिन्ह काढायला बसलो. मांडी जेमतेम सहा मिलिमीटर. तिसऱ्या प्रयत्नातही डागच पडला. थिनरने पुसून ठेवलाय.